पुनर्भरित कूपजल आणि क्वाथ

कसबा पेठेत जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. काही ठिकाणी गच्चीवरील पर्जन्यजल कूपनलिकेत सोडले जाते. आंतरिक्ष जल भूमीवर पडताच स्थानानुरूप गुण घेते, हे चरकमत येथे तंतोतंत लागू पडते. पर्जन्यजलात क्षार अत्यल्प, त्यामुळे कूपजलाचे काठिण्य उतरते, हा लाभ खराच. परंतु पुण्याच्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांतून उतरते, वाळूच्या थराप्रमाणे गाळले जात नाही. गळक्या मलवाहिनीचे दोषही त्याच वाटेने येतात. क्वाथ उकळतोच, मग चिंता कशाची, असे औषधनिर्माते बंधू म्हणतात. उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र राहते आणि चतुर्थांश क्वाथात जवळजवळ चौपट होते! पेयजलास लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पहिल्या सरींचे पाणी पुनर्भरणात घेऊ नये, आणि पावसाळ्यानंतर नायट्रेटची तपासणी केल्यावाचून असे जल क्वाथास वापरू नये, असे आम्हांस वाटते.