लहान खोलीला लहान स्पीकर

मुलुंड-बोरिवलीच्या दहा बाय दहाच्या खोलीत आपण गाणं ऐकतो. तिथे मोठा स्पीकर आणल्याने गाणं चांगलं होतं का? हिशेब करू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंती त्यामुळे साधारण ५६ हर्ट्झला घुमतात. मोठा स्पीकर नेमका हा घुमारा जागा करतो आणि गायकाचे शब्द झाकतो.

आपली गरज काय? काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९च्या आसपास. तिथवर स्वच्छ उतरणारा फूटभर उंचीचा स्पीकर पुरतो. बीबीसीने १९७०च्या दशकात एलएस ३/५ए बनवला तो असाच, प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी.

निवडताना आपलं ओळखीचं ध्वनिमुद्रण दुकानात न्यावं आणि हळू आवाजात ऐकावं. घरी शेजाऱ्याची भिंत आहेच ना! हळू आवाजातही तंबोरा वेगळा ऐकू आला, तर तो स्पीकर घ्यावा. मग तो कोपऱ्यापासून दूर, कानाच्या उंचीवर ठेवावा. ‘केवढा मोठा’ हा प्रश्न दुकानदाराचा. ‘काय ऐकायचंय’ हा आपला.