तळहाताएवढं आभाळ : लहान निसर्गचित्रं कशी बघायची?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायची सोय नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. आजचा विषय आहे लहान आकाराची निसर्गचित्रं. 'चित्रकलेतलं आपल्याला काय कळतंय' म्हणून लगेच पुढं सरकू नका. मीही बीटेकवाला, दिवसभर कोड लिहिणारा. म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करू.

फ्रेडरिक चर्च नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं 'हार्ट ऑफ द अँडीज' हे १८५९ सालचं चित्र साधारण ३०३ सेंटिमीटर रुंद आहे. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी २५ सेंटचं तिकीट काढून ते पाहिलं. तुमचा मोबाईल आडवा धरला तर स्क्रीन साधारण १५ सेंटिमीटर. म्हणजे ते चित्र तुम्हाला वीसपट बारीक होऊन दिसतं. पण ३० सेंटिमीटरचं चित्र फक्त दुपटीनं बारीक होतं. स्क्रीनवर मात्र दोन्ही सारखीच! आकार हा चित्राचाच भाग असतो, आणि फोन नेमका तोच आपल्यापासून लपवतो.

मग कुणी लहान चित्र का काढेल? कारणं अगदी व्यवहारातली आहेत.

पहिलं कारण, वेळ. संध्याकाळचा उजेड काही मिनिटांत बदलतो. भिंतीएवढा कॅनव्हास तेवढ्यात भरत नाही, पण वहीएवढा पुठ्ठा भरतो.

दुसरं, ओझं. चित्रकाराला सामान घेऊन चालत जायचं असतं. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. ती फुटायची, रंग वाळायचा. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं पिळता येईल अशा धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. टूथपेस्टच्या ट्यूबसारखंच प्रकरण. रंग खिशात मावायला लागले आणि उघड्यावर बसून तैलरंगात काम करणं सोपं झालं. चर्चनंही बाहेर बसून ढेरानं लहान अभ्यासचित्रं केली. त्याची दोन हजारांवर रेखाटनं आणि अभ्यासचित्रं १९१७ साली त्याच्या मुलानं न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट संग्रहालयाला दिली. भव्य चित्र स्टुडिओत जन्माला यायचं, पण त्याचा कच्चा माल असा फूट-दीड फुटाच्या कागदांवर गोळा व्हायचा.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे जवळीक. मोठं चित्र बहुतेक वेळा लांबचं नवल दाखवतं, अँडीज पर्वत वगैरे. लहान चित्राला रोजची जागाही पुरते. मार्टिन जॉन्सन हीड या चित्रकारानं समुद्रकाठची दलदल आणि गवताच्या गंज्या हा एकच विषय घेऊन शंभरावर चित्रं काढली. जागा तशीच, बदलतं फक्त आभाळ.

आता अमेरिकेतून थेट कोल्हापूरला या. कारण हेच काम आपल्याकडं आबालाल रहिमान यांनी केलं. मूळचे कोल्हापूरचे, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुन्हा आपल्या गावी परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. पण त्यांची खरी ओढ कोटीतीर्थ तलाव, रंकाळा, तिथलं पाणी, झाडं आणि बदलता उजेड यांची. त्यांची बरीच निसर्गचित्रं लहान आकाराची आहेत. जवळून बघितलं तर रंगाचे सुटे ठिपके आणि फटकारे दिसतात. दोन पावलं मागं सरकलं की पाणी हलायला लागतं.

शाहू महाराज १९२२ साली गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगितलं जातं. १९३१ साली तेही गेले. उरलेली काही चित्रं कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. लहान चित्राचं हे असंच असतं. ते सहज काढता येतं, सहज नेता येतं आणि तितक्याच सहज हरवतं. दहा फुटांचं चित्र हरवलं तर बोंब होते, कागदाचा तुकडा गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

हे सगळं मी का सांगतोय? आमच्या भागात पाहुणा आला की हमखास ऐकू येतं, 'इथं बघण्यासारखं काय आहे?' हळदीचं वावर, केळीची बाग, उन्हात पसरलेली शिजवलेली हळद, कडब्याची गंजी. हीडला गंजी पुरली, आबालाल यांना घराजवळचं तळं पुरलं. मग आपल्या वावराला कमी काय आहे? कमी आहे ती त्याच जागेकडं पुन्हा पुन्हा बघायची सवय.

तर आता तीन गोष्टी करून बघा. एक, ऑनलाईन चित्र दिसलं की खाली सेंटिमीटरमधलं माप वाचा आणि भिंतीवर किंवा वहीवर टेपनं तेवढी चौकट आखा. दोन, कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन आणि मिसळ झाल्यावर टाऊन हॉललाही तासभर द्या. तीन, पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि आठवडाभर एकाच वेळी, एकाच जागेचं आभाळ रंगवा. चित्र कसं का येईना. सातव्या दिवशी सगळे कागद शेजारी शेजारी मांडा. आणि हो, त्यांच्या मागं तारीख आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.

भेटू पुढच्या भागात!