विश्लेषण : गाणे आपले, कायदा कोणाचा?

स्वतःच रचलेल्या गाण्यांचे अमेरिकेतील स्वामित्व हक्क परत मिळवण्याचा ‘ड्युरॅन ड्युरॅन’ या ब्रिटिश बँडचा प्रयत्न २०१६ मध्ये लंडनमध्ये फसला. असे का झाले?

अमेरिकी कायदा काय सांगतो?
१९७८ पासून गीतकार-संगीतकाराने दिलेले हक्क साधारण ३५ वर्षांनी तो परत घेऊ शकतो. करारात काहीही लिहिलेले असो. मात्र ही मुभा अमेरिकेतील हक्कांपुरतीच आहे.

मग अडले कुठे?
बँडने प्रकाशन कंपनीला तशा नोटिसा दिल्या. पण जुन्या करारांना इंग्लंडचा कायदा लागू होता आणि त्यांत जगभरातील हक्क कंपनीला दिलेले होते. त्यामुळे या नोटिसा म्हणजे करारभंग, असा निकाल उच्च न्यायालयाने दिला. तोही काहीशा संकोचानेच.

परिणाम काय झाला?
अशीच वेळ येऊ नये म्हणून पॉल मॅकार्टनी यांनी जानेवारी २०१७ मध्ये बीटल्सच्या गाण्यांसाठी न्यूयॉर्कच्या न्यायालयात सोनी/एटीव्हीविरुद्ध धाव घेतली. त्याच वर्षी गोपनीय तडजोड झाल्याने अमेरिकी न्यायालयाचा कौल आलाच नाही. कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू, हे एका ओळीचे कलम कलाकारांनी सही करण्यापूर्वीच तपासायला हवे, ते यासाठी.