प्रत्येकजण आपल्याच भाषेत भांडतो

'मुव्हांगो' हा त्शिवेंडा भाषेतला शब्द. अर्थ: तंटा. याच नावाची मालिका दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वाहिनीवर, एसएबीसी २ वर, १९९७ साली सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली. निर्माते डुमा न्डलोवू. मी तिचे तुकडे मोबाईलवर पाहिले, पुढचे शोधत बसले, आणि ट्युटोरियल राहिलं ते राहिलंच.

सुरुवात एका मरणानं होते. गेलेल्या माणसाच्या बायका दोन, एक जोहान्सबर्गची, दुसरी व्हेंडातल्या गावची. दफन कुठे करायचं यावर दोन्ही घरं भांडतात. एवढंच. पण या एका प्रश्नात जमीन येते, मान येतो, मुलं कुणाची हेही येतं. आमच्याकडे आजोबा गेले तेव्हा खानापूरकडच्या गावी न्यायचं की बेळगावातच पुरायचं यावर रात्री अकरापर्यंत बोलणं चाललं होतं. काका मराठीत चिडत होते, आजीची जपमाळ कोंकणीत चालू, आणि दारात आलेले शेजारी कन्नडमध्ये समजूत घालत होते. त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटलीच नाही.

मला खरी ओढ लागली ती भाषांची. एक पात्र त्शिवेंडात विचारतं, दुसरं सेसोथोत उत्तर देतं, तिसरं मध्येच झुलूत तोंड घालतं, खाली इंग्रजी सबटायटल्स धावतात. समोरच्याला कळावं म्हणून कुणी आपली भाषा सोडत नाही. आपल्या मालिकांत बोलीचा रंग असतो, नाही असं नाही. पण कन्नड शेजारी आला की तो मोडक्या मराठीत बोलणार, आणि तेही हसवण्यापुरतं. टिळकवाडीतल्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभे राहा, मग सांगा हे खरं वाटतं का.

यामागे इतिहास आहे. वर्णभेदाच्या राजवटीत तिथे टीव्ही आला तोच मुळी १९७६ मध्ये, आणि सुरुवातीला फक्त इंग्रजी व आफ्रिकान्समध्ये. १९८२ पासून झुलू, खोसा, सोथो, त्स्वाना यांना जागा मिळाली, तीही वेगवेगळ्या कप्प्यांत: ज्याची भाषा त्याचा कार्यक्रम. शंभरात दोन-तीन माणसं बोलतात ती त्शिवेंडा मागेच राहिली. पुढे १९९६ च्या संविधानानं अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला, आणि त्यानंतर वर्षभरातच ही मालिका आली. लहान भाषेतली, पण सगळ्या देशानं पाहावी अशी. कप्पे पाडून ठेवलेल्या भाषा एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर आल्या.

सगळंच छान आहे असं नाही हं. कटकारस्थानं आपल्याइतकीच, काही प्रसंग तर इतके ताणलेले की मी पुढे ढकलले. तरी गावचा प्रमुख आणि शहरातून आलेली बाई समोरासमोर बोलू लागली की हात आपोआप थांबतो. दोघांचंही बरोबर वाटतं.

आजीला दफनाची गोष्ट सांगितली. हे लोक कोण, कुठले, काय बोलतात, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. जपमाळ थांबवून म्हणाली, "थोरली कुठली गं, गावची की शहरातली?"