खरेदीच्या फेरीत जुनी राजधानी

नागऱ्याच्या आमच्या दुकानाचे कापड आम्ही तीस वर्षांपासून नागपूरहून आणतो. गोंदियाहून गाडी, इतवारी स्टेशन, गांधीबागेतील पेढ्या, गठ्ठे बांधून संध्याकाळी परत. यंदा पुतण्या म्हणाला, "चाचा, सुरतेचा माल फोनवर मिळतो. भाडे आणि दिवस कशाला घालवता?" हिशेब त्याचा चूक नव्हता. त्याला सोबत नेले आणि खरेदी उरकून शहर पायी दाखविले.

व्यापारी बंधूंनी या शहरातील मोहल्ल्यांची नावे ऐकावीत : इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. बाजाराच्या वारांवरून पडलेली ही नावे आहेत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा खेडी जोडून हे नगर वसविले आणि कारागिरांना येथे आणले. त्याच्यामागून चांद सुलतानाने राजधानी येथे आणून कोट बांधला. त्या कोटाचा जुम्मा दरवाजा महालात अजून उभा आहे, लोक त्याला गांधी गेट म्हणतात. पुढे भोसल्यांचे राज्य आले. 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली आणि 1861 पासून मध्य प्रांताचा कारभार येथून चालला. 1956 मध्ये राजधानीचा मान गेला. आता हिवाळी अधिवेशनापुरते सरकार येते.

मोमीनपुऱ्यात थांबून चहा घेतला. वस्तीचे नाव विणकर मोमिनांवरून पडले. नागपुरी लुगडी विणणारे कोष्टीही याच शहरातले. म्हणजे माल येथेच होत होता, आम्ही दुकानदार नंतरचे.

शेवटी जुम्मा तलावाकडे गेलो. त्याला आता गांधीसागर म्हणतात. काठाजवळ जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल होती. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्याच दिवशी सुरू झाली, म्हणून हे नाव. कापूस वऱ्हाडचा, रेल्वे दाराशी. मुंबई सोडून येथे गिरणी घालण्यामागचा हिशेब हाच होता. 1986 मध्ये ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली, 2002 मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. आमच्या दुकानात एके काळी तिच्या लठ्ठ्याचा वेगळा कप्पा होता. ग्राहक नाव घेऊन मागत, भाव नंतर विचारत.

पुतण्या तेथे बराच वेळ उभा होता. सकाळी पेढीवर त्याने एक पॉपलीन चिमटीत धरून पाहिले होते. तोच माल फोनवर पसंत केला होता, हातात पातळ निघाला. परतीच्या गाडीत त्याने सुरतेची ऑर्डर निम्मी केली. निम्मी तशीच राहू दिली. आम्ही काही बोललो नाही. भाव तिकडचाच कमी होता.