पाहुण्या किडीचा माग

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे भाट्ये हे गाव आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र याच गावी आहे. नारळाला कोकणात कल्पवृक्ष म्हणतात, ते उगीच नव्हे. खोबरे, तेल, काथ्या, झावळ्या, केरसुणीचे हीर अशी त्याची प्रत्येक वस्तू घरसंसाराच्या उपयोगी पडते. अशा या झाडावर अलीकडच्या काळात एक परदेशी कीड येऊन बसली आहे. तिचे नाव चक्राकार पांढरी माशी.

नाव माशी असले, तरी ती घरातल्या माशीच्या कुळातली नव्हे. मावा आणि तुडतुडे हे तिचे सोयरे होत. झावळीच्या पातीच्या खालच्या बाजूस ती चक्राकार ओळीत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले पानातील रस शोषतात आणि चिकट गोड स्राव टाकतात. तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पानाला सूर्यप्रकाश पुरेसा मिळेनासा होतो. झाड एकदम मरत नाही. पण त्याचा जोम कमी होतो.

या किडीचे मूळ घर मध्य अमेरिका. २००९ साली ती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आढळली. भारतात तिची पहिली नोंद २०१६ साली तमिळनाडूतील पोल्लाची येथील नारळबागांत झाली. त्यानंतर काही वर्षांतच ती केरळ, कर्नाटक व गोवा येथे पसरली आणि कोकणातही येऊन पोहोचली. आता ती पुढे कोठे जाईल, हे आधी ओळखता आले, तर तेथील बागायतदारांना वेळीच सावध करता येईल. त्यासाठी शास्त्रज्ञ गणिताचे साहाय्य घेतात. किडीच्या वागणुकीचे नियम आकड्यांत मांडून जो आराखडा तयार होतो, त्याला गणिती प्रतिमान म्हणतात.

या मांडणीचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. मस्करॅट हा उंदरासारखा, पाण्याकाठी राहणारा प्राणी मूळचा उत्तर अमेरिकेतला. १९०५ साली युरोपात प्राग शहराजवळ असे काही प्राणी सोडण्यात आले आणि तेथून ते चहूकडे पसरले. १९५१ साली स्केलम या शास्त्रज्ञाने त्यांनी व्यापलेल्या प्रदेशाचे जुने नकाशे तपासले. त्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ कालमानाप्रमाणे जवळजवळ एकाच गतीने वाढत गेल्याचे त्याला आढळले. पाण्यात खडा टाकला म्हणजे वलय जसे सारख्या वेगाने बाहेर सरकते, तसाच हा प्रकार होता. वलयाची त्रिज्या १, २, ३, ४ अशी वाढली, की आतील क्षेत्र १, ४, ९, १६ या पटीने वाढते. वलयाचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो : प्राण्यांची संख्या किती झपाट्याने वाढते आणि एकेक प्राणी किती दूर भटकतो.

पांढऱ्या माशीला मात्र एवढा एकच नियम पुरत नाही. पोल्लाचीपासून रत्नागिरी सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर दूर आहे. ही माशी दुबळ्या पंखांची. समजा, ती आपल्या बळावर वर्षाला १० किलोमीटर सरकली, तर एवढे अंतर कापण्यास ८० वर्षे लागतील. प्रत्यक्षात ती काही वर्षांतच आली! अर्थात तिला कोणीतरी वाहून आणले असले पाहिजे. नारळाची रोपे मालमोटारींतून दूरदूर जातात आणि त्यांच्या पानांना चिकटलेली अंडी व पिल्लेही त्यांच्याबरोबर प्रवास करतात. म्हणून प्रतिमानात जवळच्या सरपटीबरोबर लांबच्या उड्याही धराव्या लागतात. रस्ते, बाजार आणि रोपवाटिका नकाशावर दाखवाव्या लागतात.

मग नकाशाचे लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात नारळाची झाडे किती, उष्णता किती, पाऊस किती, हे नोंदतात. मुसळधार पावसात या माशीची संख्या घटते, तर कोरड्या दिवसांत ती वाढते. शिवाय तिला एक शत्रूही आहे. एन्कार्सिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी तिच्या पिल्लांत आपली अंडी घालून त्यांचा नाश करते. बागेत तीव्र कीटकनाशक फवारले, तर ही मित्रमाशीही मरते आणि पांढऱ्या माशीला रान मोकळे मिळते. म्हणून या मित्राची संख्याही हिशेबात घ्यावी लागते.

एवढे करूनही प्रतिमानाचा अंदाज चुकू शकतो. म्हणून तो बागेतील प्रत्यक्ष पाहणीशी ताडून पाहतात आणि चुकलेला आकडा दुरुस्त करतात. ही पाहणी ज्याच्या अंगणात नारळ आहे, अशा कोणालाही करता येते. नवे रोप घरी आणण्यापूर्वी त्याचे पान उलटून पाहावे. खाली पांढरी वर्तुळे दिसली, तर ते रोप दुसऱ्या गावी न नेता जवळच्या कृषी अधिकाऱ्यास कळवावे. तेवढ्याने किडीची एक लांब उडी चुकते आणि नकाशावरील एक चौकोन स्वच्छ राहतो.