माळ्यावरच्या केपा

दहिसरमध्ये जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की आधी माळे रिकामे होतात. इथल्या कितीतरी घरांची मुळं रत्नागिरी-सिंधुदुर्गात. त्यामुळे माळ्यावरून गावची लोखंडी ट्रंक निघते, पितळी समई निघते, सातबाऱ्याच्या पिवळ्या पडलेल्या नकला निघतात. एखाद्या घरात यांच्यासोबत हलवला की खुळखुळणारा, पत्र्याचा छोटा गोल डबाही निघू शकतो. आत तांब्याच्या, जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या टोप्या असतात. या ठासणीच्या बंदुकीच्या केपा. आजोबांच्या नावावर माकडं नि रानडुकरं हाकण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना होता. बंदूक पुढे जमा झाली किंवा गावातल्या चुलत्याच्या नावावर चढली. केपांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण एवढ्याशा वस्तूला कोण घाबरणार?

घाबरायला हवं, निदान सावध तरी व्हायला हवं. ठासणीच्या बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ओततात, वर बोळा आणि छरे घालतात आणि गजाने ठासतात. नळीच्या मागच्या टोकाला भोक असलेली एक छोटी नळकांडी असते, तिला निपल म्हणतात. केप बसते ती या निपलवर. चाप ओढला की घोडा केपेवर आदळतो आणि केपेतली ज्वाळा त्या भोकातून दारूपर्यंत पोचते. ठासलेली काळी दारू धक्क्याने सहसा पेटत नाही, तिला आगच हवी असते. ती आग केवळ ठोक्यातून निर्माण करणं हे केपेचं काम. म्हणजे या सगळ्या सरंजामात सर्वांत तापट पदार्थ सर्वांत लहान डबीत असतो. दिवाळीतल्या टिकलीसारखंच हे प्रकरण, फक्त मसाला जास्त जहाल आणि वर कागदाऐवजी धातूचं कवच.

तो मसाला दीर्घकाळ मर्क्युरी फल्मिनेटचा होता. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० साली त्याची कृती आणि गुण जगापुढे मांडले. त्याचा बंदुकीसाठी उपयोग सुचला तो अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाला. हे गृहस्थ पक्ष्यांची शिकार करत. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची दारू भडकायची आणि मग नळीतली. तेवढ्या क्षणात बदकं सावध होऊन उडायची. फोर्सिथने ठोक्याने पेटणारी रसायनं वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतलं आणि पुढच्या दीड-दोन दशकांत त्याची तांब्याची टोपी झाली. एका उपदेशकाची शिकार हुकत होती, म्हणून जगभरच्या सैन्यांच्या बंदुका बदलल्या. आपल्याकडे १८५७ म्हटलं की एनफिल्डच्या काडतुसाची चरबी आठवते, पण ती रायफलही तोंडातूनच भरायची होती आणि केपेवाचून उडत नव्हती.

फल्मिनेटने रसायनशास्त्रालाही एक मोठा धडा दिला. १८२०च्या दशकात युस्टुस लीबिग फल्मिनेटवर काम करत होता आणि फ्रीडरिश व्योलर सायनेटवर. दोघांनी आपापल्या चांदीच्या क्षाराचं विश्लेषण केलं तर घटक आणि त्यांचं प्रमाण तंतोतंत सारखं आलं. एक क्षार हात लावताच फुटणारा, दुसरा अगदी शांत. आधी दोघांनी एकमेकांच्या चुका काढल्या आणि मग लक्षात आलं की दोघंही बरोबर आहेत. अणू तेच, पण त्यांची रांग वेगळी. सायनेटमध्ये कार्बन मध्ये आणि ऑक्सिजन व नायट्रोजन त्याच्या दोन बाजूंना. फल्मिनेटमध्ये मध्ये नायट्रोजन, एका बाजूला कार्बन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. ही मांडणी अवघडलेली असते. जरा धक्का बसला की कार्बन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन कार्बन मोनॉक्साइड होतो, नायट्रोजनची जोडी जमते आणि पारा सुटा होतो. घट्ट बंध तयार होताना जी ऊर्जा बाहेर पडते, तोच स्फोट. १८०० साली ओळख झालेल्या या पदार्थाची स्फटिकरचना क्ष-किरणांनी नेमकी उलगडली ती मात्र २००७ मध्ये, म्युनिकमध्ये.

केपांमध्ये फल्मिनेटच्या जोडीला पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइडही असे. क्लोरेट जळून उरतो तो मिठाचाच भाऊबंद, पोटॅशियम क्लोराइड. तो हवेतलं पाणी ओढून नळी गंजवतो. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची जुन्या शिकाऱ्यांची शिस्त यासाठीच होती. विसाव्या शतकात फल्मिनेट मागे पडलं आणि लेड स्टिफनेट म्हणजे शिशाचा एक स्फोटक क्षार पुढे आला. माळ्यावरच्या डब्यात यांपैकी काय आहे, ते नुसतं बघून ओळखता येत नाही आणि जुन्या केपांच्या बाबतीत खरी अडचण तीच आहे.

‘एवढी वर्षं झाली, आता कुठली फुटतेय’ असं घरोघरी म्हटलं जातं. फल्मिनेट उष्म्याने आणि दमटपणाने हळूहळू विघटित होतं हे खरं, आणि दहिसरच्या चार महिन्यांच्या पावसात दमटपणाला तोटा नाही. पण सगळ्या केपा एकाच वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. एकाच डब्यातली एक साफ मेलेली, दुसरी अर्धवट, तिसरी ठणठणीत, असं सहज घडतं. लेड स्टिफनेटची केप तर पन्नास वर्षांनीही नव्यासारखी वाजू शकते. वर हिरवा कळंक चढला असेल तर तो तांब्याचा आहे, आतल्या मसाल्याची तब्येत त्यावरून कळत नाही. उलट जुनेपणाने मसाल्यावरचं लाखेचं आवरण भेगाळलं तर भुकटी सुटून डब्याच्या तळाशी आणि झाकणाच्या आट्यांत बसते. झाकण पिळलं की ती घासली जाते. म्हणून जुना डबा ‘आत काय आहे बघू’ म्हणून उघडणं हाच सगळ्यात वाईट विचार.

पाण्यात भिजवण्याचा उपायही सर्रास सांगितला जातो. कारखान्यांत फल्मिनेट पाण्याखाली साठवत असत, कारण ओलं असताना ते पुष्कळ शांत असतं. पण शांत असणं म्हणजे मेलेलं असणं नव्हे. फल्मिनेट आणि स्टिफनेट दोन्ही थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, वाळले की पुन्हा पूर्वीचेच. तेलाचं आणि रॉकेलचंही तसंच. लाख किंवा वर्खाच्या आवरणापलीकडे ते नीट पोचेल याची खात्री नाही. भिजलेल्या केपा दहिसर नदीत टाकणाऱ्याने धोका संपवलेला नसतो. तो खालच्या बाजूला कुणाच्या तरी हातात दिलेला असतो, शिवाय पाण्यात पारा किंवा शिसं मिसळलेलं असतं ते वेगळंच.

जाळणं तर नकोच. एका केपेत मसाला वीस-तीस मिलिग्रॅमच्या आसपास, पण तांब्याचा उडालेला तुकडा डोळ्यात जायला तेवढा पुरतो. शंभर केपा बंद डब्यात असतील तर एक दुसरीला पेटवते आणि डब्याच्या पत्र्याच्याच चिंधड्या होतात. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यातही त्या टाकू नयेत. महापालिकेच्या कॉम्पॅक्टर गाड्या कचरा दाबून भरतात, आणि दाब व घर्षण हेच तर केपेला हवं असतं. त्यातून वाचली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताशी येते, किंवा तांबं दिसलं म्हणून भंगारवाल्याच्या हातोड्याखाली. २०१६च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून रंगाचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पाऱ्याचे थर्मामीटर यांची यादी होती. स्फोटकं त्या यादीत नव्हती, कारण त्यांचा कायदा निराळा.

तो कायदा या चिमुकल्या टोपीचं नाव घेऊन बोलतो. १८८४च्या स्फोटक कायद्याच्या व्याख्येत पाऱ्याचं फल्मिनेट, लेड स्टिफनेट आणि बंदुकीच्या केपा, तिन्ही स्पष्ट लिहिलेल्या आहेत. हा कायदा राबवणारी केंद्रीय संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की परवाना संपल्यामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणाने शस्त्र वा दारूगोळा बाळगणं बेकायदा ठरलं, तर तो विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा, ठरलेल्या अटींवर, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा. म्हणजे वाट कायद्यानेच आखून ठेवलेली आहे.

तरी लोक त्या वाटेने जात नाहीत. ठाण्यात डबा घेऊन गेलो तर आपल्यालाच बसवून ठेवतील, आजोबांचा परवाना मागतील, ही भीती खरी आहे आणि तिला नुसतं हसून चालणार नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घ्यायची पद्धत आहेच. त्याच दिवसांत ‘जुन्या केपा, छरे, दारू असेल तर तीही सांगा, चौकशीचा त्रास होणार नाही’ असं जाहीर केलं, तर कितीतरी डबे आपोआप बाहेर येतील असं मला वाटतं. तोवर निदान एवढं करावं. डबा आहे तिथेच राहू द्यावा. हलवू नये, मोजू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतू नये. लेड स्टिफनेटला स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढावं, गॅस आणि देवघरातला दिवा दूर असावा. मग ११२ला किंवा ठाण्यात फोन करून काय आहे, किती वाटतं, सोबत काळी दारू आहे का, ते सांगावं आणि पुढे काय करायचं ते त्यांनाच विचारावं. आपणहून रिक्षात घालून नेऊ नये. लोकलने तर मुळीच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली घातक वस्तू बेकायदा नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कैदेपेक्षाही सकाळी आठची गर्दी आठवावी. डबा ताब्यात गेला की पोच मागून घ्यावी. आजोबांचा परवाना सापडला तर त्याची नक्कल त्या पोचेबरोबर जपून ठेवावी.

पुढचं काम बॉम्बशोधक व नाशक पथकासारख्या जाणत्यांचं. प्रयोगशाळेत फल्मिनेटची थोडी भुकटी सोडियम थायोसल्फेटने, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांच्या हायपोने, मोडता येते. पण त्यातून विषारी वायू निघू शकतो, आणि टोपीच्या आवरणाआड बसलेल्या मसाल्यापर्यंत द्रावण पोचेलच असं नाही. म्हणून केपांचा नाश सहसा उष्णतेनेच करतात. एक तर मोकळ्या जागी खड्ड्यात थोड्या थोड्या उडवतात, नाहीतर जाड पोलादी भट्टीत मूठमूठभर सोडतात. भट्टीच्या आत त्या तडतड फुटत राहतात आणि माणूस भिंतीपलीकडे असतो. खाली उरतं ते तांबं मग खुशाल भंगारात जातं. धूर मात्र तसाच सोडून चालत नाही, कारण त्यात पारा किंवा शिसं असतं, म्हणून तो गाळावा लागतो. पुण्याच्या सुतारवाडीतल्या संरक्षण प्रयोगशाळेत, एचईएमआरएलमध्ये, निकेल हायड्रॅझिन नायट्रेटसारख्या बिनशिशाच्या प्रारंभक स्फोटकांवर काम झालं आहे, त्यामागेही हाच धूर आहे.